ब्रेल डिस्प्ले म्हणजे काय? २० अक्षरांच्या पट्टीवर इंटरनेट कसं वाचलं जातं?

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी पाठवला, तर तो कळायला क्षणही लागत नाही. ब्रेल डिस्प्ले वापरणाऱ्या व्यक्तीच्या बोटांखाली मात्र तो अनेकदा 'फेस विथ टिअर्स ऑफ जॉय' असं पूर्ण इंग्रजी नाव होऊन येतो. इंग्रजी स्पेलिंगनुसार, मोकळ्या जागा धरून, ही २२ अक्षरं झाली. डिस्प्ले २० अक्षरांचा असेल तर एका इमोजीलाच पट्टी अपुरी पडते. काही ठिकाणी तर नावही येत नाही, फक्त कोड क्रमांक दिसतो. आणि लोक इमोजी एक पाठवत नाहीत, सलग सहा-सात पाठवतात.

हे उपकरण नेमकं असतं कसं?

कीबोर्डजवळ ठेवायची चपटी पेटी आणि तिच्यावर घरांची एक रांग. प्रत्येक घराला 'सेल' म्हणतात. एका सेलमध्ये सहसा ८ बारीक पिना असतात, त्या वर येतात किंवा खाली जातात. लुई ब्रेलच्या मूळ पद्धतीत ६ ठिपके आहेत. कॉम्प्युटरसाठी दोन वाढवले, कारण ६ ठिपक्यांतून कोरी जागा धरून ६४ आकृत्या होतात, ८ ठिपक्यांतून २५६. कर्सर कुठे आहे हे दाखवायलाही खालचे दोन ठिपके कामी येतात. डिस्प्ले साधारण १४, २०, ४० किंवा ८० सेलचे मिळतात. बोटं ओळीच्या टोकाला पोहोचली की बटण दाबायचं, पुढचा मजकूर त्याच जागी उमटतो.

पिना हलवणारा भाग म्हणजे वीज दिल्यावर वाकणारी सिरॅमिकची पट्टी. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र पट्टी लागते, म्हणजे ४० सेलच्या डिस्प्लेत ३२०. किंमत वाढते ती इथेच.

स्क्रीनवरचं काय दाखवायचं हे ठरवतो स्क्रीन रीडर. विंडोजवर 'जॉज' आणि 'एनव्हीडीए', आयफोनवर 'व्हॉइसओव्हर', अँड्रॉइडवर 'टॉकबॅक', लिनक्सवर 'बीआरएलटीटीवाय'. यातला एनव्हीडीए मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध प्रोग्रॅमरने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली.

स्क्रीन रीडर बोलतो, मग ब्रेल कशाला?

'दिन' आणि 'दीन' कानाला जवळपास सारखेच. ऐकून लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन कच्चं राहतं ते यामुळे. खाते क्रमांक, गणित, प्रोग्रॅममधला एखादा कंस यांतही ऐकण्यापेक्षा बोटांनी तपासलेलं खात्रीचं. आणि ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी हा सोयीचा प्रश्नच नाही. मोबाइल, ई-मेल, बँक, सगळ्याचा दरवाजा ही एक पट्टी आहे.

मराठी मजकुराचं काय होतं?

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ही समान पद्धत स्वीकारली गेली. उच्चार जुळतो तिथे इंग्रजीचेच ठिपके घेतले आहेत. 'क' आणि इंग्रजी 'के' एकच, 'म' आणि 'एम' एकच. शिकायला हे सोपं, पण सॉफ्टवेअरला डोकेदुखी. इंग्रजी 'क्यू'चे ठिपके भारती ब्रेलमध्ये 'क्ष'चे आहेत. इंग्रजी संक्षिप्त ब्रेलमध्ये एकटं 'के' म्हणजे 'नॉलेज' हा पूर्ण शब्द. 'उद्याची मीटिंग कन्फर्म' असा संदेश कुणी अर्धा देवनागरीत, अर्धा रोमन लिपीत पाठवला, तर इंग्रजी कुठे सुरू झालं हे वाचणाऱ्याला संदर्भावरून ओळखावं लागतं. आपण सगळे असंच लिहितो, त्यामुळे ही अडचण रोजची.

जोडाक्षरांची वेगळीच गंमत. 'उद्या' टाइप करताना 'द' नंतर हलन्त येतो आणि मग 'य'. भारती ब्रेलमध्ये हलन्ताची खूण 'द'च्या आधी येते. म्हणजे कॉम्प्युटरमधला क्रम आणि बोटांखालचा क्रम जुळत नाही. डिस्प्लेवर प्रत्येक सेलजवळ एक छोटं बटण असतं, ते दाबलं की कर्सर थेट त्या अक्षरावर जातो. इथे हिशोब चुकला तर खोडायचं असतं एक आणि खोडलं जातं दुसरंच.

लिपी ते ठिपके हा अनुवाद 'लिबलुई' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या तक्त्यांवरून होतो. एनव्हीडीएसह अनेक स्क्रीन रीडर तेच वापरतात आणि त्यात मराठीचाही तक्ता आहे. तक्ता एकदा सुधारला की सुधारणा सगळीकडे पोहोचते. मात्र हे सगळं युनिकोड मजकुरासाठी. युनिकोडपूर्व फाँटमधली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. बोटांखाली तीच येतात. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर काहीच येत नाही.

जोडणी आणि किंमत

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या डिस्प्लेची 'बोली' वेगळी असायची. नवं मॉडेल आलं की प्रत्येक स्क्रीन रीडरला त्याचा ड्रायव्हर लिहावा लागे. माउस कुठल्याही कॉम्प्युटरला लावला की चालतो, ब्रेल डिस्प्ले मात्र नाही, अशी स्थिती होती. २०१८ मध्ये यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने ब्रेल डिस्प्लेसाठी समान मानक जाहीर केलं. जुनी उपकरणं अर्थातच अजून आपापल्या बोलीतच बोलतात.

किमतीला धक्का दिला तो 'ऑर्बिट रीडर २०'ने. डिस्प्ले हजारो डॉलरना विकले जात असताना हा सुमारे ५०० डॉलरला आला. आयआयटी दिल्लीने तापल्यावर आकार बदलणाऱ्या मिश्रधातूवर काम केलं आणि २०१९ मध्ये 'डॉटबुक' सादर झालं, २० आणि ४० सेलचं. दुसरीकडे एकाऐवजी अनेक ओळींची उपकरणंही आली आहेत. 'कॅन्यूट'वर ९ ओळी, प्रत्येकी ४० सेल. 'मोनार्क'वर ३२ सेलच्या १० ओळी, शिवाय त्यावर आलेख आणि नकाशेही उमटतात. गणिताची मांडणी किंवा तक्ता एका ओळीत वाचणं म्हणजे भिंतीवरचं चित्र किल्लीच्या भोकातून बघण्यासारखं. तिथे या उपकरणांचा खरा उपयोग.

वेबसाइट आणि पोस्ट कुठे अडकतात?

फोटोला वर्णन नसेल तर डिस्प्लेवर फक्त 'इमेज' असं काहीतरी येतं. सणाच्या शुभेच्छांपासून पाणीकपातीच्या सूचनेपर्यंत सगळं चित्ररूपात फिरतं, तिथे वाचायला काहीच नसतं. एक्स, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पोस्ट करतानाच 'ऑल्ट टेक्स्ट' लिहायची सोय आहे. त्यात मुख्य गोष्ट पहिल्या चार-पाच शब्दांत यावी, कारण पट्टीवर आधी तेवढेच मावतात. नाव उठून दिसावं म्हणून वापरलेली नक्षीदार रोमन अक्षरं प्रत्यक्षात गणिती चिन्हं असतात. त्यांचं ब्रेलमध्ये अक्षरांऐवजी अनेकदा कोड क्रमांकांची रांग होते.

स्क्रीनवर दोन-तीन सेकंद झळकून जाणारे 'पेमेंट झालं'सारखे संदेश बोटं पोहोचण्याआधीच पुसले जातात. सर्वांत कडक अडथळा कॅप्चाचा. चित्र ओळखता येत नसेल तर 'ऑडिओ कॅप्चा' हा पर्याय दिलेला असतो, पण ऐकू न येणाऱ्या अंध व्यक्तीसाठी तोही बंद. ई-मेलवर किंवा एसएमएसने कोड पाठवला, तर तो डिस्प्लेवर वाचता येतो. फक्त तो भरायला ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ हवा.