दत्तक मिळकतीपुरता

झाशी खालसा केल्याच्या प्रकरणातले कंपनी सरकारचे कागद 1855 साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवले गेले आणि छापलेही गेले. म्हणून ते आज वाचता येतात. राजवाड्यातल्या कागदांच्या नशिबी ते नव्हतं. एप्रिल 1858 मध्ये ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्यावर तिथल्या ग्रंथालयाची काय दशा झाली, ते विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलं आहे. तेव्हा या वादात एका पक्षाचं दप्तर शाबूत आणि दुसऱ्याचं बहुतेक गेलेलं. तरीही कंपनीच्या विरोधातला सगळ्यांत भक्कम पुरावा कंपनीच्याच दप्तरात सापडतो, आणि तो राज्याबद्दलच्या कागदांत नसून पैशाबद्दलच्या कागदांत आहे.

मूळ हकीकत सर्वांना ठाऊक आहे. गंगाधरराव नेवाळकर 21 नोव्हेंबर 1853 रोजी वारले. त्याआधी अगदी शेवटच्या दिवसांत त्यांनी वासुदेवराव नेवाळकरांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. विधी शास्त्रोक्त झाला. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना बोलावून महाराजांचं पत्र त्यांच्या हाती दिलं गेलं. पुढे कुणी साक्षीदारांबद्दल शंका काढू नये, याची मरणाच्या दारातल्या माणसाने घेतलेली ही काळजी. तशी शंका पुढे कुणी काढलीही नाही. कलकत्त्याला दत्तक खोटा ठरवायचा नव्हताच. तो किती चालेल, एवढंच ठरवायचं होतं.

लक्ष्मीबाईंनी 3 डिसेंबरला पहिला खरीता पाठवला आणि 16 फेब्रुवारी 1854 ला दुसरा. दोन्हींत विनवणी कमी आणि मुद्दे जास्त आहेत. 1817 च्या तहाने रामचंद्रराव आणि त्यांच्या वारसांचा झाशीवरचा हक्क मान्य झाला होता. शेजारच्या दतिया आणि ओरछा या संस्थानांत कंपनीने दत्तक मंजूर केले होते. मग झाशीलाच वेगळा न्याय का? खुद्द एलिसनेही वर लिहिलं, की ओरछ्याच्या आणि झाशीच्या तहात त्याला असा फरक दिसत नाही.

उत्तर तयार होतं आणि ते जुनं होतं. सर चार्ल्स मेटकाफने 1837 साली बुंदेलखंडातल्या संस्थानिकांच्या दोन जाती पाडल्या होत्या. काही वंशपरंपरेने स्वतंत्र राजे, तर काहींच्या ताब्यातला मुलूख वरच्या सत्तेने दिलेला. ओरछा, दतिया पहिल्या खान्यात पडले. झाशीचे नेवाळकर मूळचे पेशव्यांचे सुभेदार, म्हणून दुसऱ्या खान्यात. गव्हर्नर जनरल डलहौसीने 27 फेब्रुवारीच्या टिपणात हाच धागा धरला आणि जोडीला 1835 चा दाखला दिला : रामचंद्ररावांच्या पश्चात पुढे केलेला दत्तक कृष्णराव तेव्हाही मानला गेला नव्हता. त्या वेळी गादी कंपनीने स्वतःकडे न घेता रघुनाथरावांना, म्हणजे घराण्यातल्याच माणसाला दिली होती, ही गोष्ट मात्र या युक्तिवादात फारशी वजनदार ठरली नाही.

मार्चमध्ये झाशी खालसा झाली. इथून पुढचे कागद सहसा कुणी सावकाश वाचत नाही.

पोलिटिकल एजंट माल्कम याने शिफारस केली, की राणीला आयुष्यभर दरमहा पाच हजार रुपये द्यावेत, राहायला शहरातला वाडा द्यावा, तिला आणि तिच्या माणसांना कोर्टकचेऱ्यांतून मोकळं ठेवावं, आणि महाराजांचे खासगी जडजवाहीर व रोकडही तिच्याकडे द्यावी. माल्कम काही राणीचा पक्षपाती नव्हता. खालसा करण्याला त्याची संमतीच होती. डलहौसीने बाकीचं मान्य केलं, पण खासगी मिळकतीपाशी तो अडला. ती राणीला देण्याचा सरकारला अधिकार नाही, असं त्याने कळवलं. कारण हिंदू कायद्याप्रमाणे तिचा मालक दत्तक मुलगा!

म्हणजे दामोदरराव महाराजांचा मुलगा होता. पिंड द्यायला होता, दागिन्यांना होता, रोकडीला होता. फक्त गादीला नव्हता. एकच दत्तकविधान, एकच होम, आणि त्याचे दोन तुकडे. खासगी हक्क एका कायद्याने आणि राज्य दुसऱ्याने, ही वाटणी त्या काळी अगदीच निराधार नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. डलहौसी या बाबतीत धर्मशास्त्र शब्दशः पाळत होता, असंही म्हणता येईल. पण मग ते शेवटपर्यंत पाळायला हवं होतं.

सहा लाख रुपये सरकारने दामोदररावाच्या नावाने, तो सज्ञान होईपर्यंत, आपल्याकडे ठेवून घेतले. त्याच्या मुंजीसाठी राणीने त्यातलं एक लाख मागितलं तेव्हा जामीन मागण्यात आले. उद्या मुलाने मोठेपणी सरकारकडे ही रक्कम मागितली तर? दुसऱ्याच्या पैशाची एवढी चिंता वाहणारं हे सरकार गंगाधररावांच्या कर्जाचा प्रश्न आला तेव्हा मात्र वेगळंच बोलू लागलं. मिळकत मुलाची, तर देणंही मिळकतीवर पडायला हवं. आग्र्याच्या प्रांतिक सरकारने ठरवलं की ते राणीच्या तनख्यातून वळतं करावं. महालक्ष्मीच्या देवस्थानाची गावं जप्त झाली, तो आणखी एक वाद.

राणीने जॉन लँग हा सिडनीत जन्मलेला वकील बोलावून घेतला. कंपनीविरुद्ध लाला जोतीप्रसादचा खटला जिंकून त्याने नाव मिळवलं होतं. त्याचा सल्ला असा, की तनखा घ्या, पण हरकत नोंदवून घ्या आणि दाद मागत राहा. लंडनहूनही काही हाती लागलं नाही.

मग 1857 आलं, आणि त्या सहा लाखांचं प्रकरण मिटवायला सरकारला सोपं कारण मिळालं. जून 1858 मध्ये राणी ग्वाल्हेरजवळ पडली. दामोदरराव मूठभर माणसांबरोबर रानोमाळ फिरत राहिला आणि 1860 मध्ये इंदूरला इंग्रजांच्या देखरेखीखाली आला. तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. त्याच्या नावाची रक्कम आईच्या बंडापायी बुडाली. राज्याच्या वेळी तो राजाचा मुलगा नव्हता आणि जप्तीच्या वेळी तो राणीचा मुलगा ठरला. यापेक्षा सोयीची वंशावळ कुठल्या भाटानेही रचली नसेल.

ज्या शहरासाठी एवढा कायदा उगाळला, ते शहर आणि किल्ला इंग्रजांनी 1861 मध्ये शिंद्यांना देऊन टाकले आणि 1886 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतले. दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा कॅनिंगने संस्थानिकांना वाटल्या, तेव्हा झाशीला सनद घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी 1894 मध्ये राणीचं मराठी चरित्र प्रसिद्ध केलं. मार्टिन नावाच्या इंग्रजाने 1889 मध्ये दामोदररावांना लिहिलेलं, राणीला 1857 मधल्या झाशीतल्या इंग्रजांच्या कत्तलीच्या दोषातून मुक्त करणारं पत्र त्यात आहे. दोष गेला, पैसा आला नाही. दामोदरराव 1906 साली इंदुरात वारले. जी मिळकत त्यांचीच आहे असं खुद्द गव्हर्नर जनरलने लेखी सांगितलं होतं, ती त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.