राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ : सल्ल्यापासून धोरणापर्यंत

पोखरण येथील अणुचाचण्यांनंतर सहा महिन्यांनी, १९ नोव्हेंबर १९९८ रोजी, केंद्र सरकारने राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन केली. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील या परिषदेच्या साहाय्यार्थ धोरणात्मक नीती गट, सचिवालय आणि सल्लागार मंडळ असे तीन घटक निर्माण करण्यात आले. सल्लागार मंडळात निवृत्त मुत्सद्दी, सेनाधिकारी, शास्त्रज्ञ व अभ्यासक अशा सरकारबाहेरील व्यक्तींचा समावेश असतो. मंडळाला निर्णयाचा अधिकार नाही.

पहिल्या मंडळाचे निमंत्रक के. सुब्रह्मण्यम हे होते. तामिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे जन्मलेल्या आणि चेन्नईच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकलेल्या या सनदी अधिकाऱ्याने संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेचे संचालकपद भूषविले होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६५ मध्ये, ही संस्था स्थापन झाली होती.

मंडळाने तयार केलेला आण्विक धोरणाचा मसुदा १७ ऑगस्ट १९९९ रोजी जाहीर करण्यात आला. अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करणे हे त्याचे मुख्य सूत्र होते. त्या वेळी वाजपेयी सरकार काळजीवाहू होते, आणि हा मसुदा म्हणजे सरकारचे अधिकृत धोरण नव्हे, असे परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह यांनी त्याच वर्षी स्पष्ट केले. तथापि ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने मंजूर केलेल्या धोरणात मसुद्याचा गाभा कायम राहिला. भारतावर जैविक वा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्रांनी प्रत्युत्तर देण्याची मुभा मात्र नव्याने समाविष्ट करण्यात आली. सल्लागारांनी मांडलेला आणि सरकारने स्वीकारलेला मजकूर शेजारी ठेवून पाहण्याची अशी संधी क्वचितच मिळते, कारण मंडळाचे बहुतेक अहवाल गोपनीयच राहतात.

सल्ल्याची अंमलबजावणी कित्येकदा फार विलंबाने होते. सुब्रह्मण्यम यांच्याच अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने पूर्णवेळ राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार असावा, असे सुचविले होते. ब्रजेश मिश्र यांच्याकडे तेव्हा पंतप्रधानांच्या प्रधान सचिवपदाचीही जबाबदारी होती; ही दोन पदे २००४ मध्ये विभक्त झाली. समितीच्या अहवालानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये संरक्षण दलप्रमुख पदाची शिफारस केली. त्या पदाची सूत्रे जनरल बिपिन रावत यांनी १ जानेवारी २०२० रोजी स्वीकारली.

पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, सल्लागार मंडळाची पुनर्रचना करण्यात आली. ‘रॉ’ या गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख आलोक जोशी यांची अध्यक्षपदी नियुक्ती झाली.