बॅरिस्टर म्हणजे कठड्यापाशी उभा राहणारा



गावात कुणी फारच वाद घालायला लागलं की आपण म्हणतो, "मोठा बॅरिस्टर लागून गेलाय!" शब्द आपल्या तोंडात चांगला रुळलाय. पण बॅरिस्टर म्हणजे नेमकं कोण? बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला, म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो.

इंग्रजीत 'बार' म्हणजे आडवा दांडा, कठडा. इंग्लंडच्या कोर्टात न्यायाधीशांची बाजू आणि इतरांची बाजू यांच्यामध्ये कठडा असे. त्या कठड्यापाशी उभं राहून दुसऱ्याची बाजू मांडायचा ज्याला अधिकार, तो बॅरिस्टर. हा अधिकार द्यायच्या लंडनमध्ये चार जुन्या संस्था आहेत: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. तिथे विद्यार्थी कायदा शिकत, लुटुपुटूचे खटले चालवत आणि ठरावीक संख्येने जेवणाच्या पंगतींना हजर राहत. हो, पंगती चुकवल्या तर बॅरिस्टर होता येत नसे! गांधीजी इनर टेंपलमध्ये होते. चौघांत दारूच्या दोन बाटल्या मिळत आणि गांधीजी पीत नसत, त्यामुळे आपल्या चौकडीत ते असावेत म्हणून ओढाओढ चाले. १८९१ मध्ये ते बॅरिस्टर झाले. आपले बाबासाहेब १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले.

आता वकिलांची उतरंड बघू. पक्षकार आधी जातो सॉलिसिटरकडे. कागदपत्रं बघायची, दावा तयार करायचा, हे त्याचं काम. मोठ्या कोर्टात उभा राहायचा तो बॅरिस्टर. जुन्या रिवाजात पक्षकाराला थेट बॅरिस्टरकडे जाता येत नसे, मध्ये सॉलिसिटर लागेच.

बॅरिस्टरांतही पायऱ्या. साधा बॅरिस्टर म्हणजे 'ज्युनियर'. केस पांढरे झाले तरी ज्युनियरच! त्याचा झगा साध्या कापडाचा. त्याच्या वर 'किंग्ज कौन्सेल', म्हणजे राजाचा वकील. त्याला रेशमी झगा आणि कठड्याच्या आतली जागा. म्हणून हा मान मिळाला की 'रेशीम घेतलं' असं तिकडे म्हणतात. गादीवर राणी असेल तेव्हा हेच 'क्वीन्स कौन्सेल' होतात. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ वारल्या आणि त्याच दिवशी सगळे पुन्हा 'किंग्ज' झाले.

या सगळ्यांहून जुना मान 'सार्जंट-ॲट-लॉ'चा. त्यांच्या डोक्याला घट्ट बसणारी पांढरी टोपी असे. दिवाणी दाव्यांच्या एका मोठ्या कोर्टात शेकडो वर्षं फक्त त्यांनाच बोलता येई. ती मक्तेदारी १८४६ मध्ये संपली. न्यायाधीशही त्यांच्यातूनच होत आणि सार्जंटाला 'बंधू' म्हणून हाक मारत. पुढे नवे सार्जंट नेमणं बंद झालं.

हाक 'बंधू'ची होती, हे लक्षात घ्या. भगिनीला त्या कठड्यापाशी जागाच नव्हती.

१९१३ मध्ये ग्वेनेथ बेब नावाची हुशार मुलगी कोर्टात गेली. ऑक्सफर्डला तिने कायद्यात पहिल्या वर्गाचे गुण मिळवले होते. आम्हा बायकांना सॉलिसिटर होऊ द्या, एवढीच मागणी. कोर्ट म्हणालं, आजवर कुणी स्त्री या धंद्यात आली नाही, म्हणून आताही येता येणार नाही. बघा कसा न्याय! आधी दार लावायचं, मग म्हणायचं, आत तर कुणी बाई दिसतच नाही. अखेर १९१९ च्या कायद्याने ठरलं की केवळ स्त्री आहे किंवा तिचं लग्न झालंय म्हणून तिला अशा व्यवसायातून वगळता येणार नाही. बेब बॅरिस्टर व्हायला निघालीही, पण १९२१ मध्ये बाळंतपणानंतर ती गेली. पुढच्याच वर्षी आयव्ही विल्यम्स इंग्लंडची पहिली स्त्री बॅरिस्टर झाली.

आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. बॅरिस्टर व्हायला १९२३ साल उजाडलं. मध्ये एकतीस वर्षं गेली! त्याच वर्षी मिठन टाटाही बॅरिस्टर झाल्या आणि पुढे मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आपल्याकडेही पूर्वी वकील, प्लीडर, मुखत्यार, बॅरिस्टर असे वेगवेगळे दर्जे होते. १९६१ च्या कायद्याने सगळ्यांना एकच नाव दिलं, ॲडव्होकेट. त्यातल्या काहींना 'सीनियर' म्हणतात, एवढाच फरक.

मैत्रिणींनो, काळा कोट दिसला की आपल्यातल्या कितीतरी जणी अजून चार पावलं मागे सरतात. वारसाची नोंद असो की पोटगी, "कोर्टाची पायरी नको" म्हणून हक्क सोडून देतात. वकिलाच्या फीची धास्ती असते, ते खरंच. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. पुढच्या बैठकीत हा नंबर प्रत्येकीच्या वहीत लिहून घ्या. आणि जिला गरज असेल तिच्याबरोबर गटातल्या दोघी जा.