वाहतूक प्रकल्पांचे न्यायमूल्यमापन

रस्ता, रेल्वे, मेट्रो किंवा उड्डाणपूल बांधताना लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि त्यापायी घर, धंदा, हवा, उजेड कोणाचा जातो, याचा पुराव्यानिशी मांडलेला हिशेब. वाहनगणना व खर्च-लाभाच्या तक्त्यांवरून प्रवासाची किती मिनिटे वाचतील हे कळते. ती मिनिटे कोणाची, हे कळत नाही. त्यासाठी पायाभूत घरोघर सर्वेक्षण, सामाजिक परिणाम अहवाल, पर्यावरणीय आघात अहवाल, जनसुनावणीचे इतिवृत्त, तक्रारींची नोंद आणि पुनर्वसनानंतरची पाहणी ही साधने लागतात. यांपैकी पहिले सर्वांत निर्णायक, कारण यादीत ज्याचे नाव नाही त्याचे नुकसान पुढच्या कुठल्याही कागदावर उमटत नाही.

मुंबईत हे साधन वस्त्यांमधूनच घडले. ‘स्पार्क’ संस्थेने १९८५ मध्ये पदपथांवर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची गणना केली. पुढे लोहमार्गालगतच्या झोपड्यांची मोजणी झाली, तीत तेथील रहिवाशांच्या फेडरेशनचाही हात होता. पद्धत साधी, पण चिवट. दारावर नंबर टाकायचा. घरात माणसे किती, कोण कुठे कामाला जाते, किती वर्षांपासून राहतात हे लिहायचे. पायी फिरून वस्तीचा नकाशा काढायचा. मग यादी वस्तीतच वाचून दाखवायची आणि हरकती घेऊन दुरुस्त करायची. भरदुपारी कुलूप लागलेले घर शेजारीण बोलली तरच यादीत येते. बाहेरून आलेल्या कारकुनाच्या मोजणीत नेमकी हीच घरे सुटतात.

या कामाची खरी कसोटी मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात (एमयूटीपी) लागली. त्याचे पुनर्वसन धोरण राज्य शासनाने १९९७ मध्ये आखले व २००० मध्ये सुधारले. जागेची मालकी नसली, तरी सर्वेक्षणात नोंदलेल्या कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर देण्याची त्यात तरतूद होती. देशातल्या तोवरच्या रिवाजाच्या तुलनेत हे मोठे पाऊल होते. जागतिक बँकेने २००२ मध्ये कर्ज मंजूर केले. बाधितांचा अंदाज मात्र सुमारे ८०,००० वरून १,२०,००० वर गेला. कुर्ला भागातील दुकानदारांसह अनेक बाधितांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे दाद मागितली. पिढीजात मोठ्या दुकानाच्या बदल्यात २२५ चौरस फुटांचा गाळा, तोही गिऱ्हाइकापासून दूर, ही त्यांची व्यथा होती. डिसेंबर २००५ च्या अहवालात मंडळाने सर्वेक्षणातील उणिवा, उपजीविकेकडे झालेले दुर्लक्ष आणि तक्रार निवारणाचा कमकुवतपणा यांवर बोट ठेवले. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या घटकांचे वितरण काही महिने थांबवले. प्रकल्पाचा न्याय अभ्यासू पाहणाऱ्याने हा अहवाल मुळातून वाचावा. एका चुकीच्या यादीतून किती चुका जन्मतात, ते त्यात पानोपानी दिसते.

कायद्याची बाजू अपुरी आहे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. पण राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे व मेट्रो यांचे कायदे चौथ्या अनुसूचीत ठेवून त्यातून वगळले. भरपाई व पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांना १ जानेवारी २०१५ पासून लागू झाल्या. अभ्यासाची सक्ती नाहीच. पर्यावरणीय आघातासंबंधीच्या २००६ च्या अधिसूचनेत महामार्ग आहेत, रेल्वेमार्ग नाहीत. कायदा मागत नाही अशी काही माहिती जनगणनेत मात्र मिळते. तिने २०११ मध्ये शेतीबाहेरच्या कामगारांचे कामाच्या जागेपर्यंतचे अंतर आणि प्रवासाचे साधन नोंदवले. पायी व सायकलने जाणारे किती, हे त्या तक्त्यांत दिसते. रस्तारुंदीचा निर्णय घेणाऱ्यांनी ते आधी उघडायला हवेत.

पुनर्वसनानंतरची पाहणी हे सर्वांत दुर्लक्षित साधन. ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेने केलेला व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास म्हणूनच मोलाचा आहे. त्यात मानखुर्द-गोवंडी परिसरातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड व पीएमजीपी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींची तुलना आहे. पहिल्या दोन ठिकाणी इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदिवसा दिवा लावावा लागतो. ऊन व वारा न पोहोचणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी संबंध या अभ्यासाने दाखवला. लोहमार्गाकाठची झोपडी जाऊन पक्के घर मिळाले, एवढ्यावर हिशेब मिटत नाही, हे यातून स्पष्ट होते.

२००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेतही उपलब्ध करावा लागतो. महाराष्ट्रात तो मराठीत मागावा, आणि माहिती अधिकार कायद्याखाली बाधितांची यादीही मागून घ्यावी.