झ्जिस्वाव्ह पेश्कोव्स्की

फादर झ्जिस्वाव्ह पेश्कोव्स्की (जन्म : २३ ऑगस्ट १९१८, सानोक, पोलंड, मृत्यू : ८ ऑक्टोबर २००७, वॉर्सा) हे पोलिश घोडदळातील अधिकारी, बालवीर चळवळीतील नेते आणि कॅथोलिक धर्मगुरू होते. सोव्हिएत संघाच्या कोझेल्स्क येथील युद्धकैदी छावणीतून जिवंत बाहेर पडलेल्या मोजक्या पोलिश अधिकाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या बहुसंख्य सोबत्यांची १९४० च्या वसंतात कातिनच्या अरण्यात हत्या करण्यात आली. त्यानंतर त्यांच्या आयुष्याचा एक महत्त्वाचा टप्पा कोल्हापूरजवळील वळिवडे येथे गेला. तेथील पोलिश निर्वासितांच्या वसाहतीत त्यांनी मुलांच्या बालवीर पथकांचे नेतृत्व केले. पुढे त्यांनी धर्मदीक्षा घेतली, कातिनच्या मृतांच्या कुटुंबांचे धर्मगुरू म्हणून काम केले आणि हत्याकांडाचे सत्य व त्याविषयीची क्षमा या दोहोंचा आयुष्यभर पुरस्कार केला.

पूर्वायुष्य आणि कैद

पेश्कोव्स्की यांचा जन्म पोलंडच्या आग्नेय भागातील सानोक या गावी झाला. शालेय वयातच ते बालवीर चळवळीत दाखल झाले. पोलंडमधील ही चळवळ ‘हार्त्सेर्स्तव्हो’ या नावाने ओळखली जाते. ईश्वर, मातृभूमी आणि शेजारी यांची सेवा हा तिच्या प्रतिज्ञेचा गाभा आहे. शिक्षणानंतर त्यांनी घोडदळाच्या राखीव अधिकाऱ्याचे प्रशिक्षण घेतले.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. एकवीस वर्षांचे पेश्कोव्स्की सोव्हिएत सैन्याच्या हाती सापडले आणि त्यांची रवानगी कोझेल्स्क येथे झाली. ही छावणी ऑप्तिना पुस्तिन या प्रसिद्ध ऑर्थोडॉक्स मठाच्या आवारात उभारलेली होती. कैद्यांमध्ये नियमित सेनाधिकाऱ्यांबरोबरच युद्धासाठी बोलावलेले डॉक्टर, वकील, अभियंते, प्राध्यापक आणि शिक्षक मोठ्या संख्येने होते.

छावणीत सार्वजनिक उपासनेस बंदी होती. तरीही कैदी गुप्तपणे प्रार्थना करीत. ठरावीक वेळी काही मिनिटे सर्वांनी मौन पाळायचे आणि ज्याने त्याने मनात प्रार्थना करायची, अशी प्रथा त्यांनी पाडली होती. १९३९ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला छावणीतील जवळजवळ सर्व धर्मगुरूंना तेथून हलविण्यात आले. फादर यान झ्युऊकोव्स्की त्या वेळी शिक्षेच्या कोठडीत असल्यामुळे मागे राहिले. पुढे कातिन येथे मारल्या गेलेल्यांत त्यांचाही समावेश होता.

कातिन हत्याकांड आणि सुटका

५ मार्च १९४० रोजी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्यूरोने कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव्ह या तीन छावण्यांतील पोलिश कैद्यांना, तसेच तुरुंगांतील काही हजार पोलिश नागरिकांना ठार मारण्याचा निर्णय घेतला. सोव्हिएत कागदपत्रांनुसार मृतांची एकूण संख्या २१,८५७ होती. त्यांपैकी कोझेल्स्कमधील सुमारे ४,४०० कैदी कातिनच्या अरण्यात मारले गेले.

एप्रिल व मे महिन्यांत छावणीत नावांच्या याद्या वाचल्या जात आणि त्या त्या गटाला रेल्वेने नेले जाई. आपली मायदेशी पाठवणी होत आहे, असा अनेक कैद्यांचा समज होता. मागे राहणारे जाणाऱ्यांचा हेवा करीत. तिन्ही छावण्यांतून सुमारे ३९५ कैदी वाचले, त्यांत पेश्कोव्स्की होते. त्यांना प्रथम पावलिश्चेव्ह बोर आणि नंतर ग्र्याझोवेत्स येथील छावणीत ठेवण्यात आले. आपल्यालाच का वगळले, याचे उत्तर वाचलेल्यांना मिळाले नाही. सोबत्यांचे काय झाले, हेही त्यांना पुढील जवळजवळ तीन वर्षे समजले नाही.

जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर ३० जुलै १९४१ रोजी पोलंडचे निर्वासित सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि पोलिश कैद्यांची सुटका झाली. जनरल व्वादिस्वाव्ह आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली नवे पोलिश सैन्य उभे राहू लागले. पेश्कोव्स्की त्यात दाखल झाले. सैन्यउभारणीसाठी अधिकाऱ्यांचा शोध सुरू झाला, तेव्हा हजारो अधिकारी बेपत्ता असल्याचे उघड झाले. स्तारोबेल्स्कमधून वाचलेले चित्रकार व लेखक युझेफ चाप्स्की यांच्यावर या शोधाची जबाबदारी होती; सोव्हिएत अधिकाऱ्यांकडून त्यांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याबरोबर सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केलेली हजारो पोलिश कुटुंबे कॅस्पियन समुद्रमार्गे इराणमध्ये आली. १३ एप्रिल १९४३ रोजी जर्मनीने कातिन येथे सामूहिक कबरी सापडल्याचे जाहीर केले. सोव्हिएत संघाने हा आरोप जर्मनीवरच उलटवला आणि ती भूमिका १९९० पर्यंत कायम ठेवली. त्यामुळे वाचलेल्यांचा शोक जवळजवळ अर्धशतक अधिकृत असत्याच्या छायेत राहिला.

वळिवडे येथील कार्य

इराणमध्ये आलेल्या निर्वासितांपैकी काहींना भारतात आश्रय मिळाला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उघडली. त्यानंतर १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरातील वळिवडे गावाजवळ मोठी वसाहत उभी राहिली. ब्रिटिश सरकार आणि लंडनमधील पोलंडचे निर्वासित सरकार यांच्या सहकार्याने ती चालविली जात असे. छत्रपती राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते आणि गादीवरील शिवाजी महाराज अल्पवयीन असल्याने संस्थानात रीजन्सी होती.

वसाहतीत सुमारे ५,००० लोक राहत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. रांगांमध्ये बांधलेल्या बराकी, शाळा, रुग्णालय, दुकाने, नाट्यगृह आणि चर्च असे तिचे स्वरूप एखाद्या छोट्या पोलिश गावासारखे होते. कोल्हापुरात अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनचे काम १८५२ पासून सुरू होते. मात्र वळिवड्याची वसाहत रोमन कॅथोलिक परंपरेची होती. रविवारची मिस्सा, मुलांचा प्रथम कम्युनियन विधी, नाताळ व ईस्टर यांभोवती तेथील वर्ष गुंफलेले असे. यांतील अनेक मुलांनी हद्दपारीत आईवडील किंवा भावंडे गमावली होती. कित्येकांचे वडील आघाडीवर होते, तर काहींचे वडील बेपत्ता होते.

अशा मुलांसाठी बालवीर पथके उभारण्याकरिता प्रशिक्षित नेत्यांची गरज होती. त्यासाठी पोलिश सैन्यातून ज्यांना पाठविण्यात आले, त्यांत ब्रोनिस्वाव्ह पांत्सेविच आणि पेश्कोव्स्की होते. ‘रिश’ (रानमांजराच्या कुळातील लिंक्स या प्राण्याचे पोलिश नाव) या बालवीर-नावाने ते मुलांत ओळखले जात. शिबिरे, शेकोटीभोवतीची गाणी, पदयात्रा, प्रतिज्ञाविधी आणि सामूहिक प्रार्थना यांतून मुलांच्या दिवसाला पुन्हा आकार आला. बालवीरांच्या ‘चुवाय’ (सावध राहा) या अभिवादनाचे शब्द वळिवड्याच्या माळावर पाच वर्षे ऐकू येत होते.

पेश्कोव्स्की यांच्या चरित्रात या काळाला वेगळे महत्त्व आहे. कोझेल्स्कमध्ये त्यांच्याभोवती मृत्यूच्या वाटेवरची माणसे होती. वळिवड्यात वाढत्या वयाची मुले होती. मारले गेलेल्या अधिकाऱ्यांना जी मुले स्वतः वाढविता आली नाहीत, तशाच मुलांच्या संगोपनात हा वाचलेला अधिकारी सहभागी झाला. आपले उर्वरित आयुष्य हे एक ऋण आहे आणि ते सेवेतून फेडावयाचे आहे, ही त्यांच्या पुढील कार्यातून दिसणारी भूमिका येथेच प्रत्यक्षात आली.

युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये सोव्हिएत प्रभावाखालील राजवट आल्याने वसाहतीतील अनेकांना मायदेशी परतणे अशक्य वाटले. १९४८ मध्ये वळिवड्याची वसाहत बंद झाली. रहिवासी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत विखुरले, तर काही पोलंडला परतले. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. आजचे गांधीनगर ते हेच.

धर्मदीक्षा

भारतातून पेश्कोव्स्की इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेला गेले. मिशिगन राज्यातील ऑर्चर्ड लेक येथील पोलिश धर्मविद्यालयात त्यांनी धर्मशिक्षण घेतले आणि १९५४ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर ते तेथेच अध्यापन करू लागले. परदेशस्थ पोलिश बालवीरांचे धर्मगुरू म्हणूनही त्यांनी दीर्घकाळ काम केले. कोझेल्स्कमधील अनुभवांवर त्यांनी आठवणी लिहिल्या. पोलंडमध्ये कातिनविषयी खरे बोलणे शिक्षेस पात्र ठरत असताना परदेशस्थ पोलिश समाजात ही स्मृती जागती ठेवणाऱ्यांमध्ये ते अग्रभागी होते.

कबरींच्या ठिकाणी

१३ एप्रिल १९९० रोजी सोव्हिएत संघाने या हत्याकांडाची जबाबदारी मान्य केली. १९९१ मध्ये खारकीव्ह व मेद्नोये येथे आणि त्यानंतर १९९४–९५ मध्ये कातिन येथे पोलिश तज्ज्ञांनी उत्खनन केले. स्तारोबेल्स्कच्या कैद्यांचे अवशेष खारकीव्ह येथे, तर ओस्ताश्कोव्हच्या कैद्यांचे मेद्नोये येथे सापडले. कातिन कुटुंबांचे धर्मगुरू या नात्याने पेश्कोव्स्की उत्खननास उपस्थित राहिले आणि जमिनीतून निघणाऱ्या अवशेषांवर त्यांनी जपमाळ टेकवून प्रार्थना केली. जे सोबती एकविसाव्या वर्षी त्यांच्यापासून दूर नेले गेले होते, त्यांना त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर अंतिम निरोप दिला.

ख्रिस्ती परंपरेत मृताचे नाव घेऊन केलेल्या दफनविधीला मोठे महत्त्व आहे. कातिनच्या मृतांना ना नाव मिळाले होते, ना कबर, ना प्रार्थना. त्यांच्या विधवांना व मुलांना शोक करण्याची जागाही नव्हती. २००० साली कातिन, खारकीव्ह आणि मेद्नोये येथे युद्धस्मशाने खुली झाली आणि मृतांची नावे धातूच्या फलकांवर कोरली गेली. ही स्मशाने व्हावीत यासाठी झटणाऱ्यांत पेश्कोव्स्की होते.

क्षमा आणि सत्य

मारेकऱ्यांसाठीही प्रार्थना करावी आणि त्यांना क्षमा करावी, असे पेश्कोव्स्की सांगत. ही भूमिका सर्वांना सहज पटणारी नव्हती. पती किंवा वडील गमावलेल्या अनेकांच्या दृष्टीने, ज्यांनी गुन्हा अर्धशतक नाकारला आणि ज्यांच्यावर खटलाही चालला नाही, त्यांना क्षमा करणे म्हणजे अन्यायावर पडदा टाकणे होते. पेश्कोव्स्की यांच्या मांडणीत मात्र क्षमेची अट सत्य ही होती. कागदपत्रे उघड व्हावीत, मृतांची ओळख पटावी आणि त्यांना सन्मानाने दफन मिळावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. क्षमा करणाऱ्याने काय घडले ते विसरावे, असे त्यांनी कधी सुचविले नाही.

मानसिक आघाताच्या संदर्भात

युद्धातून परतलेल्यांच्या मानसिक यातनांना पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हटले जाई. ‘आघातोत्तर ताण विकृती’ हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० मध्ये समाविष्ट झाले. सोबती मेले आणि आपण वाचलो, याबद्दल वाटणारा अपराधभाव हा अशा यातनांचा एक परिचित भाग मानला जातो. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि माणसांशी पुन्हा जुळणारे नाते.

पेश्कोव्स्की यांच्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी दिसतात, पण त्यांचा क्रम वेगळा आहे. सुरक्षितता आणि माणसांशी नाते त्यांना वळिवड्यात एकत्रच लाभले, तर शोकाला वाट मिळण्यासाठी पन्नास वर्षे जावी लागली. या दीर्घ प्रतीक्षेत श्रद्धेने त्यांना तीन आधार दिले : रोजच्या प्रार्थनेची शिस्त, वाचलेल्या आयुष्याला सेवेचा हेतू, आणि मृतांशी नाते टिकविणारा विधी. अशी श्रद्धा वैद्यकीय उपचारांची जागा घेते, असे या उदाहरणावरून म्हणता येत नाही. कातिनमधून वाचलेल्या इतरांनी वेगळे मार्ग धरले. चाप्स्की यांनी लेखन व चित्रकलेचा आश्रय घेतला, तर अर्थशास्त्रज्ञ स्तानिस्वाव्ह स्फ्यान्येविच यांनी साक्षीदार म्हणून लेखन केले.

मृत्यू आणि स्मृती

पेश्कोव्स्की यांचे ८ ऑक्टोबर २००७ रोजी वॉर्सा येथे निधन झाले. तेथील ईश्वरी कृपेच्या मंदिरात (दैवी प्रॉव्हिडन्सचे चर्च) त्यांचे दफन करण्यात आले.

कोल्हापुरात महावीर उद्यानातील स्तंभ पोलिश निर्वासितांची आठवण करून देतो. शहरातील ख्रिस्ती स्मशानभूमीत वसाहतीत मृत्यू पावलेल्या पोलिश व्यक्तींच्या कबरी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये वसाहतीतील माजी रहिवाशांच्या उपस्थितीत वळिवडे येथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या आदरातिथ्याचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पांजली वाहिली. वळिवड्यात वाढलेली मुले पुढे ज्या ज्या देशांत गेली, तेथे त्यांनी पोलिश बालवीर पथके, शाळा आणि चर्चमंडळे चालविली.