भुवनडांग्याचा जलोत्सर्ग

इ. स. १९३६ च्या पावसाळ्यात शांतिनिकेतनचा वर्षामंगल उत्सव शेजारच्या भुवनडांगा या खेड्यात साजरा झाला. तेथील जुना तलाव गाळाने भरून निकामी झाला होता. तो पुन्हा खणून काढल्यावर त्याचे पाणी गावाला अर्पण करण्याचा हा सोहळा होता. पंचाहत्तर वर्षांचे रवींद्रनाथ त्या प्रसंगी जे बोलले, ते 'जलोत्सर्ग' या नावाने त्यांच्या ग्रामविषयक लेखसंग्रहात समाविष्ट आहे.

या उत्सवाचे मर्म कळण्यास ती भूमी ध्यानी घ्यावी लागते. बीरभूमची माती तांबडी व जांभ्याची. पावसाने तिची धूप होऊन जागोजागी घळी पडल्या आहेत. त्यांना तिकडे 'खोआई' म्हणतात. जवळची कोपाई नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात रोडावते. देवेंद्रनाथांनी १८६३ साली येथे २० बिघे माळ घेतला आणि १९०१ साली त्यावर रवींद्रनाथांची शाळा उभी राहिली. अशा ठिकाणी पाऊस हा केवळ कवितेचा विषय राहू शकत नाही.

या शाळेत नृत्य आले ते मात्र सहजासहजी नव्हे. १९१९ साली सिल्हेट येथे मणिपुरी नृत्य पाहून रवींद्रनाथ भारावले; पुढे त्रिपुराहून बुद्धिमंत सिंग हे मणिपुरी शिक्षक शांतिनिकेतनात आले. १९२१ साली कलकत्त्यात जोडासांको येथील ठाकुरवाड्यात वर्षामंगल सादर झाले. तथापि भद्र घरच्या मुलींनी नाचावे, ही कल्पना त्या काळी बंगाली समाजाला रुचणारी नव्हती. आपल्याकडेही 'नाच' म्हटले की तमाशा वा कलावंतिणीची बैठकच डोळ्यांपुढे येई. १९२६ साली 'नटीर पूजा' या नाटकात नंदलाल बसू यांची कन्या गौरी हिने नृत्य केले, तेव्हा ती वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

१९२८ साली वृक्षारोपणाचा उत्सव सुरू झाला. त्यात क्षिती, अप्, तेज, मरुत् व व्योम या पंचमहाभूतांना आवाहन करण्यात आले. पालखीतून आणलेल्या रोपट्यामागे गात-नाचत चालणाऱ्या विद्यार्थ्यांना 'अप्' म्हणजे पाणी हे पुस्तकातले तत्त्व राहिले नाही. त्याच सुमारास श्रीनिकेतनात हलकर्षणाचाही उत्सव सुरू झाला. झाड लावावे, नांगर धरावा आणि मग त्याच कामाला गीत-नृत्याची जोड द्यावी, असा हा क्रम होता.

भुवनडांग्याच्या उत्सवाचे मोल मला याच क्रमात दिसते. पूर्वी गावची संपन्न मंडळी तळी खोदणे हे पुण्यकर्म मानीत. ती मंडळी शहरात गेली, तळी गाळात बुजली आणि गावाच्या वाट्याला गढूळ पाणी व रोगराई आली. अशा गावी नुसते जलस्तवन केले असते तर ती क्रूर थट्टा ठरली असती. आधी कुदळ, मग गाणे, हा विवेक तेथे पाळला गेला.

शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आजही मुले निळी वस्त्रे लेवून नदी होऊन नाचतात. आपण बदलीच्या गावी पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसतो, कौतुकाने टाळ्या वाजवितो. ज्या नदीचे नाव मुलांच्या तोंडी आहे तिच्या घाटावर आपण कधी गेलो आहोत काय? परमुलुखात तीन वर्षे काढून तेथल्या पाण्याची चौकशीही न करणाऱ्याला त्या टाळ्यांचा अधिकार कितपत पोहोचतो, याचा विचार आपण ज्याने त्याने करावा.