आधी बोली, मग यंत्र

लकवा मारला आणि वाचा गेली, असे बीड जिल्ह्यात एका दमात सांगितले जाते. ही वाचा मेंदूत असते कुठे, याचा पहिला ठोस पुरावा १८६१ मध्ये पॅरिसला मिळाला. ‘टॅन’ एवढाच उच्चार उरलेला रुग्ण वारल्यावर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढील भागातली इजा दाखवली. त्या काळी मोजमाप मृत्यूनंतरच होई. १९९० च्या दशकात एफएमआरआय हे मेंदूच्या चित्रणाचे तंत्र आले आणि माणूस बोलत असताना मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे बदल दिसू लागले. २००९ मध्ये गॉटफ्रीड श्लाउग यांच्या गटाने बऱ्याच काळापासून वाचा गेलेल्या सहा रुग्णांना शब्द सुरात म्हणायला लावून दीर्घ उपचार दिले. त्यानंतर उजव्या मेंदूतले, ऐकणे आणि बोलणे यांना जोडणारे तंतू वाढलेले आढळले.

मात्र रुग्णाला ज्या भाषेत बोलायला लावावे, तिचेच माप यंत्र घेते. ती भाषा कोणती, हा प्रश्न बीडच्या इतिहासामुळे कळीचा ठरतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राजवटीत होता. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईतही सरकारी कारभार उर्दूत चाले. बंजारा तांड्यांवर आजही घरात गोरमाटी बोली आणि शाळेत मराठी असते. अशा माणसाची वाचा गेली, तर कोणती भाषा आधी परतेल? फ्रेंच अभ्यासक रिबो यांच्या मते सर्वांत आधी शिकलेली. १८९५ मध्ये दुसरे फ्रेंच अभ्यासक पित्र यांनी सांगितले, आजारापूर्वी सर्वाधिक वापरातली. दोघांच्याही नियमांना अपवाद सापडले. म्हणून प्रत्येक रुग्णाची भाषिक पूर्वपीठिका नोंदवणे अटळ ठरते.

मेंदू सगळीकडे सारखाच, मग परदेशातली मापे का पुरू नयेत, असे कोणी विचारील. रचना सारखी असली तरी परक्या भाषेत मेंदूला जास्त कष्ट पडू शकतात आणि ती वाढलेली हालचाल सुधारणा समजली जाण्याचा धोका असतो. पहिल्या काही महिन्यांत वाचा आपोआपही सुधारते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच उपचारापूर्वीची नोंद हवी. यंत्र महाग आहे, हेही खरे. पण भाषेची नोंद फुकट होते. उपचार सुरू करण्यापूर्वी घरच्यांना दोन प्रश्न विचारावेत: हे लहानपणी कोणत्या भाषेत बोलत, आणि आजारी पडण्यापूर्वी कोणत्या?